चुकीचं बोलणारे दामले अण्णा

कुणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही. दोष आहे माझ्यात, कबूल! पण एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यावर कुणी माझ्यासमोर 'वेळणेश्वर दापोली तालुक्यात' असं म्हणालं, तर मी गप्प बसू? आणि मी एकटीच अशी नाही. आमचा रत्नागिरीचा माणूस एक वेळ भरल्या ताटावरून उठेल, पण समोरच्याचं चुकलेलं वाक्य तसंच सोडून देणार नाही. एस.टी.च्या रांगेत कुणी गाडीची वेळ चुकीची सांगितली तर चार जण मागे वळून ती दुरुस्त करतात, आणि मग त्या चौघांचं आपसात जुंपतं.

दामले अण्णांनी आमची ही खोड बरोबर हेरली होती. आणि तिच्यावर त्यांनी आपली इथली सगळी नोकरी केली.

ते आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा 'रेशनिंगच्या ऑफिसात आहे' असं सांगत. मध्यम उंची, मध्यम रंग, मध्यम टक्कल. पोलिसांत वर्णन द्यायची वेळ आली असती तर मला एक खूण सांगता आली नसती. मी एकदा रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला त्यांच्याकडे दिलं. आठ दिवसांत करून आणलं. कुठून आणलं ते देव जाणे, कारण त्या ऑफिसात हा माणूस कधी बसलाच नव्हता हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

रोज संध्याकाळी ते आमच्या ओटीवर यायचे. येताना खिशात अडकित्ता आणि दोन सुपाऱ्या. बसायची जागा ठरलेली, भिंतीला पाठ आणि तोंड दाराकडे. दुसऱ्या कुणी ती खुर्ची घेतली तर उभे राहायचे, पण दाराकडे पाठ करून म्हणून बसायचे नाहीत. चपला काढल्या की वाकून त्यांची तोंडं फाटकाकडे वळवून ठेवायचे. मी हसायचे. "अण्णा, आग लागलीय का कुठे?" तर म्हणायचे, "सवय हो, बाई." मग मान खाली घालून कातरकातर सुपारी कातरत बसायचे. माणूस आपल्याकडे बघत नसला की आपण जास्त बोलतो, हे मला तेव्हा कुठे माहीत! मी उत्तरपत्रिका तपासायचे, ते कातरायचे, आणि मी बोलत राहायचे.

ह्या माणसाने मला कधी प्रश्न विचारला नाही. एकही नाही. 'काय, कसं काय?' एवढंसुद्धा नाही. ते फक्त चुकीचं बोलायचे.

"सावंत बाई, तुमच्या हेडमास्तरांची बदली चिपळूणला झाली वाटतं."

"चिपळूणला? डोंबल! बदली रद्द झाली त्यांची. मंत्र्यांकडे जाऊन आले ना ते!"

"हो का? माझं आपलं काहीतरीच." आणि सुपारीचं खांड माझ्यापुढे करायचे.

मला वाटायचं, बिचारा. चांगला माणूस, पण डोक्याने जरा मंद. बायकोला, म्हणजे शालिनीवहिनींना, मी एकदा म्हटलंसुद्धा की अण्णांना बदाम भिजवून देत जा. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नवऱ्याची खरी नोकरी कळली होती, हे त्यांनी मला पुढे सांगितलं.

घरातला माणूस म्हणून मात्र अण्णांना तोड नव्हती. हे मला आजही रागारागात का होईना, पण म्हणावंच लागतं. मुलीच्या, मेधाच्या, दोन वेण्या सातवीपर्यंत त्यांनी घातल्या. वहिनींचे सांधे धरले तेव्हापासून सकाळचा मऊभात आणि मेतकूट त्यांच्या हातचं. बाजारातून येताना वहिनींसाठी अबोलीचा गजरा. तो कधी चुकला नाही. पण घरातही चाल तीच! मेधा कॉलेजात असताना एकदा जेवताना म्हणाले, "मेधा, तो तुझा कोल्हापूरचा मित्र बरेच दिवसांत दिसला नाही."

"कोल्हापूरचा काय हो बाबा! चिपळूणचा आहे तो."

झालं. पोरगी घास हातात धरून बसली, आणि वहिनींनी कपाळावर हात मारला. कुठला मित्र आणि कसला मित्र, अण्णांना पत्तासुद्धा नव्हता. नुसता अंधारात खडा टाकला होता. पुढे त्या मुलाची सात पिढ्यांची माहिती त्यांनी काढली, त्याच्याशीच तिचं लग्न लावून दिलं, आणि पाठवणीला तिच्या सासऱ्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळ्यांत जास्त तेच रडले.

निवृत्त झाल्यावर कधीतरी त्यांनी सहज सांगून टाकलं की रेशनिंगचं ऑफिस नावाला, नोकरी गुप्तवार्तेची होती. आमची आळी नुसती फुगली. आमच्यात गुप्तहेर! आम्ही समजलो की समुद्रावरून चोरटा माल येतो त्याच्यावर ह्यांची नजर असणार. आम्हीच तो माल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता जरा माझ्या माहेरचं सांगते. माझं माहेर रत्नागिरीपासून तासाभरावर, खाडीकाठी. तिथे माझा धाकटा भाऊ श्रीधर. आंब्याची कलमं, थोडी भातशेती, आणि गावच्या पालखीचा मान आमच्या घराकडे. वीस वर्षांपूर्वी त्या खाडीच्या तोंडाशी कुठल्याशा कंपनीची जेट्टी यायची होती. मासेमारी बुडणार म्हणून गाव उठलं. पुढे श्रीधर आणि त्याचा जिवलग विश्राम मयेकर. विश्रामची होडी होती. दोघे एका ताटात जेवलेले. एका शनिवारी गावाबाहेरच्या जुन्या चिरेखाणीत, जिथून पूर्वी घरांसाठी जांभा दगड काढायचे तिथे, त्यांची बैठक ठरली. फार थोड्यांना माहीत होती. बैठक सुरू होते न होते तोच पोलिसांनी खाणीला गराडा घातला. श्रीधरसकट सगळी धरली गेली. मग खटला, तारखा, आज ना उद्या करत सात वर्षं. श्रीधर शाळेत कारकून म्हणून लागणार होता ते गेलं. ठरलेलं लग्न मोडलं, आणि पुढे त्याने केलंच नाही.

एकटा विश्राम त्या दिवशी खाणीत नव्हता. त्याच्या आईला विंचू चावला म्हणून तिला घेऊन तो डॉक्टरकडे गेला होता. गाव म्हणालं, "बरा त्याच दिवशी इंचू चावला!" आणि जामिनावर सुटल्यावर पहिल्याच शिमग्याला श्रीधरने पालखी विश्रामच्या अंगणात थांबू दिली नाही.

हे काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. शिमग्याला ग्रामदेवी पालखीत बसून प्रत्येकाच्या दारी येते. अंगणात नाचते, बायका तिची ओटी भरतात, गाऱ्हाणं घालतात. मुंबईतले चाकरमानी नोकरी गेली तरी चालेल म्हणून त्या दिवसाला घरी येतात. ज्याच्या दारावरून देवी पुढे जाते तो माणूस गावात राहून गावाचा नसतो. विश्रामची बायको दर वर्षी अंगण सारवते, रांगोळी घालते, ओटीचं ताट घेऊन बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, उभी राहते. आणि दर वर्षी ढोल तिच्या समोरून पुढे जातो. अशी वीस वर्षं. जेट्टी तर आलीच नाही, कंपनीनेच मध्ये काढता पाय घेतला.

मीसुद्धा विश्रामला नावं ठेवली. शिमग्याला माहेरी गेले की त्याच्या घरावरून जाताना तोंड फिरवायचे. आणि ही सगळी कर्मकथा मी कुणाला सांगून रडायचे? दामले अण्णांना! माझ्या ओटीवर, त्याच खुर्चीसमोर. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "वाईट झालं, बाई."

श्रीधर धरला गेला त्याच्या पुढच्या वर्षी आमचे हे गेले. दुपारी जेवताना छातीत कळ आली. मी ओरडले तसे अण्णा अनवाणी धावत आले, ह्यांना पाठीवर घेऊन गाडीत घातलं. तीन दिवस इस्पितळाच्या बाकावर बसून होते. मला बळेबळे पेज पाजली. हे गेल्यावर माझ्या मुलाला मुंबईहून यायला उशीर होत होता तेव्हा सगळी तयारी त्यांनी केली. मी त्यांना राखी बांधायला लागले ती त्या वर्षापासून.

गेल्या मार्गशीर्षात अण्णांची पंचाहत्तरी झाली. मेधाने हॉल घेतला होता. वहिनींनी नवं लुगडं नेसलेलं, अण्णांना फेटा. त्यांच्या खात्यातला एक जुना हाताखालचा माणूस भाषणाला उभा राहिला. तोंडाळ होता, पण गमत्या. म्हणाला, "साहेब आम्हाला सांगायचे, प्रश्न विचारलात की माणूस सावध होतो. चुकीचं बोला, तो खूश होऊन बरोबर सांगतो. आणि रत्नागिरीत तर काय, सोन्याहून पिवळं!" हॉल खो खो हसला. मीही हसले. मग तो पुढे म्हणाला, "एकदा इथे एक गुप्त बैठक होती. जागेचा पत्ता लागत नव्हता. साहेब एका ठिकाणी सुपारी कातरत बसले आणि सहज म्हणाले, मंडळी शनिवारी बुरोंडीला चाललीत म्हणे. समोरून फटकन उत्तर आलं, 'बुरोंडीला कशाला मरायला जातील? चिरेखाण काय ओस पडलीय?'"

पुन्हा हॉल हसला. माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती. ती कशी खाली ठेवली मला आठवत नाही.

ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. बैठकीची जागा मला श्रीधरनेच विश्वासाने सांगितली होती. समोर नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, एका पोराने सह्याद्रीच्या पूर्वेला अरबी समुद्र काढला होता म्हणून मी चिडलेली होते. वर मानही न करता मी बोलून गेले होते. "हां हां, माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल," असं म्हणून त्यांनी सुपारीचं खांड पुढे केलं होतं. आणि मी ते खाल्लं होतं!

मी व्यासपीठाकडे बघितलं. सगळे त्या बोलणाऱ्याकडे बघत होते. अण्णा एकटे माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. चहा नको म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांना अण्णांशिवाय हाक मारली नव्हती, पण त्या दिवशी तोंडातून वेगळंच आलं.

"दामलेसाहेब, मी तुमची खबरी होते का?"

त्यांनी अडकित्ता मिटला. "खबरी नव्हे. सोर्स म्हणतात."

"मेलं ते काय म्हणतात ते! मला विचारलंत? माझ्या ओटीवर बसून माझ्याच भावाला धरून दिलंत, माझ्याच तोंडून! आणि मी तुम्हाला राखी बांधते?"

"त्या खाणीत सुरुंगाची दारू लपवली होती, बाई. दोन-चार तापट पोरांच्या डोक्यात भलतंच होतं. तुमचा श्रीधर मेला असता."

श्रीधरला मी नंतर विचारलं, तो म्हणतो सगळं झूठ. मला आजही कळत नाही, की ते खरं होतं, का तेही एक चुकीचं वाक्य होतं, मी दुरुस्त करावं म्हणून टाकलेलं. ह्या माणसाने माझं हेच नुकसान केलं. त्यांच्या कुठल्याच वाक्यावर मला उभं राहता येईना. ह्यांना पाठीवर घेऊन धावले तो माणूस होता, का खातं होतं? पेज पाजली ती कुणी?

"आणि विश्राम?" मी म्हटलं. "मी वीस वर्षं तुमच्यासमोर त्याला शिव्या घातल्या. एका शब्दाने सांगितलं असतंत, तो नव्हे म्हणून."

"तो नव्हे म्हटलं की कोण ते आलंच. सोर्सचं नाव मरेपर्यंत सांगायचं नाही, हा एकच नियम मी पाळला. तुमच्यासाठीच पाळला, बाई."

"माझ्यासाठी? वा रे वा! मग आता माझ्याचसाठी तो मोडा. चला गावी, श्रीधरला सांगा."

ते नाही म्हणाले. मी रडले, भांडले, वहिनी मध्ये पडल्या. "सांगा ना हो," त्या म्हणाल्या. पण दामले ढिम्म हलले नाहीत. मान खाली घालून सुपारी कातरत राहिले.

मग मीच गावी जाऊन श्रीधरला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. "काय गो ताय, म्हातारपणी पुण्य जोडतेस होय? विश्रामची बायको तुझी बालमैत्रीण, म्हणून त्याचं पाप आपल्या अंगावर घेतेस."

"श्रीधर, देवीची शपथ!"

"शपथा नको. तो दामले बोलू दे. त्याच्या तोंडून ऐकलं तर पालखीचं बघू."

माघात दामल्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तेवढं वाचलं. खाट बाहेरच्या खोलीत आणली होती, तोंड दाराकडे. जीभ जड झाली होती, पण डोळे होते तेच. मेधा येऊन-जाऊन करत होती. मी आठ दिवस गेले नाही. नवव्या दिवशी गेले, कारण शिमगा जवळ आला होता. श्रीधरला हट्टाने सोबत आणलं. तो दारातच उभा राहिला, आत यायला तयार नाही.

मी खाटेजवळ स्टुलावर बसले. वहिनी उशाशी होत्या. मी पिशवीतून अडकित्ता काढला, त्यांचाच, वहिनींकडून मागून घेतलेला. सुपारी कातरायला घेतली. मला कुठे येतेय कातरायला, नुसता भुगा! मान खाली घालून मी म्हटलं, "अण्णा, बुरोंडीच्या बैठकीची बातमी तुम्हाला विश्रामनेच दिली, नाही का?"

मी हळूच वर बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांचीच युक्ती, त्यांचाच अडकित्ता. ती त्यांना कळली नसेल असं कसं म्हणू? ओठांची डावी बाजू थोडी हलली. मला वाटतं, हसले. मग दाराकडे, श्रीधरकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बुरोंडी नव्हे," ते अडखळत म्हणाले. "चिरेखाण. आणि विश्राम नव्हे. बाई. ह्या... सावंत बाई."

मला हवं होतं तेच मिळालं होतं. तरी माझं नाव त्यांच्या तोंडून आलं तेव्हा मी पदरावर पडलेला सुपारीचा भुगा झटकत राहिले. श्रीधरने चपला पायात सरकवल्या आणि चालू पडला. मी फाटकापर्यंत हाका मारत गेले. त्याने मागे वळून बघितलं नाही.

शिमग्याला मला माहेरचं बोलावणं आलं नाही. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा. पालखीच्या दुसऱ्या दिवशी श्रीधरचा फोन आला, एका वाक्याचा. "काल देवी विश्रामच्या अंगणात नाचली." मी काही बोलायच्या आत ठेवून दिला. विश्रामच्या बायकोने ओटी भरली का, ती रडली का, श्रीधर आणि विश्रामने एकमेकांकडे बघितलं का, हे कुणाला विचारू? मी त्या दिवशी दिवसभर ओटीवर बसून होते.

संध्याकाळी मी दामल्यांकडे गेले. का गेले ते सांगता येत नाही. राग तर तसाच होता, आजही आहे. वहिनी दारातच म्हणाल्या, "चार दिवस जेवत नाहीत. आणि बघा ना, कसे झोपतात."

खाट तिथेच होती. पण दामले कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून झोपले होते, पाठ दाराकडे. इतक्या वर्षांत त्यांची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. सदऱ्यातून हाडं दिसत होती.

मी उंबऱ्यात उभी राहिले. तोंडातून निघून गेलं, "अण्णा, पालखी यंदाही विश्रामकडे थांबली नाही."

मला वाटलं, झोपले.

"थांबली," भिंतीकडून आवाज आला. "नारळ... श्रीधरनेच... हातात दिला."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, त्यांना काही माहीत नव्हतं. घरी कुणी आलेलं नव्हतं म्हणे. मग बातमी देणारा तरी कोण? श्रीधर? विश्राम? की गावात अजून कुणी ह्यांचा सुपारी खाणारा होता?

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

मी पुन्हा विचारलं. नुसता श्वास ऐकू येत होता. दोन दिवसांनी ते गेले. आयुष्यभरात ह्या माणसाने एकच नाव सांगितलं, आणि ते माझं.